कुरडयांचा डबा

कारल्याचा राग करायला कारण शोधावें लागत नाहीं. आपल्या कडूपणानें तें कारण तें स्वतःच पुरवितें. श्रावणघेवड्याची गोष्ट निराळी आहे. ही भाजी इतकी सोज्ज्वळ आणि निरुपद्रवी आहे कीं, तिच्याविषयीं तक्रार करणाऱ्यालाच आपण आडमुठे आहोंत असें वाटूं लागतें. शिरा काढाव्या, बारीक चिरावी, मोहरी-हिंगाची फोडणी द्यावी, वर ओलें खोबरें आणि चिमूटभर साखर घालावी, कीं झाली भाजी! आमच्या सदाशिव पेठेंतल्या घरांत ती माझ्या आठवणींत तरी अशीच होत आली आहे, आणि मीहि ती तितक्याच निर्विकारपणें खात आलों आहें. तिच्यावर कधींकाळीं लेख लिहिण्याची पाळी येईल, असें मला स्वप्नांतहि वाटलें नव्हतें. परंतु गेल्या श्रावणांत आमच्या स्वयंपाकघरांत जें घडलें, त्यानंतर या भाजीचें मी कांहीं देणें लागतों असें मला राहून राहून वाटतें.

माझी थोरली बहीण १९७६ सालीं लग्न होऊन अमेरिकेला गेली. जातांना तिच्या पेटींत साड्यांच्या घडीखालीं कमलाबाई ओगले यांचें 'रुचिरा' होतें. १९७० मध्यें निघालेलें हें पुस्तक परदेशीं जाणाऱ्या किती तरी मराठी मुलींबरोबर पाठराखीण म्हणून गेलें आहे. आमची समजूत अशी कीं, ताई तिकडे त्या पुस्तकाबरहुकूम आमटी-भात करून सुखानें राहील. तिनें तें केलेंहि; परंतु तिकडचा एक पदार्थ तिनें जो उचलला, तो नेमका या श्रावणघेवड्याचा!

१९९८ मध्यें मी तिच्या ओहायओ संस्थानांतल्या घरीं दोन महिने राहिलों होतों. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीं कृतज्ञतेचा एक सण असतो. घरोघर माणसें जमतात आणि पुष्कळ घरांत जेवणाच्या मेजावर एक कांचेचें पसरट भांडें हटकून येतें. उकडलेला घेवडा अळंब्यांच्या दाट, सायीसारख्या रसांत बुडविलेला, वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर, आणि तें सारें भट्टींत भाजून काढलेलें, असा तो प्रकार. ताईनें तें भांडें मोठ्या प्रेमानें माझ्यापुढें ठेवलें. मीं एक घास घेतला आणि म्हणालों, "बिचाऱ्या घेवड्याला एवढा कसला ताप आला होता, कीं दुलई पांघरून शेक द्यावा लागला?" सगळे हंसले. ताईहि हंसली. तिचें तें हंसणें किती आंखूड होतें, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आई आतां नव्वदीच्या पलीकडे गेली आहे. म्हणून ताई नेहमींप्रमाणें थंडीची वाट न पाहतां गेल्या वर्षीं श्रावणांतच आली. आल्याच्या तिसऱ्या दिवशीं ती म्हणाली, "उद्यां घेवडा मी करणार आहें. माझा. आईला एकदां खाऊं घालायचा आहे." मीं लगेच माझी जुनी थट्टा बाहेर काढली, परंतु या वेळीं ती हंसली नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही बहीणभाऊ मंडईंत गेलों. १८८६ सालीं 'रे मार्केट' म्हणून उघडलेली आणि पुढें महात्मा फुल्यांचें नांव मिळालेली ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत पावसांत भिजून काळीभोर दिसत होती. ताईनें एक शेंग उचलून मोडून पाहिली. 'कट्' असा आवाज आला तरच घेवडा कोंवळा; ही परीक्षा आईनें तिला याच गाळ्यांपुढें शिकविली होती. परत येतांना मी तिला म्हणालों, "आपल्या श्रावणांतली ही साधी भाजी. तिला कशाला हें परदेशी सोंग?"

"आपली कशी?" तिनें विचारलें, आणि जें सांगितलें तें मीं मागाहून पडताळून पाहिलें, व तें खरें निघालें. घेवड्याच्या या जातीचें माहेर अमेरिकेंत, मेक्सिकोपासून अँडीज पर्वतापर्यंतच्या मुलखांत आहे. १४९२ मध्यें कोलंबस तेथें पोंचला, त्यानंतर ती युरोपांत गेली आणि तेथून फिरत फिरत आपल्याकडे आली. मुंबईकरांनीं 'फ्रेंच बीन' या नांवाची फरसबी करून तिच्या प्रवासाची खूण तरी ठेवली. आम्हीं पुणेकरांनीं तिला थेट श्रावणाचें नांव देऊन दत्तकच घेतलें. पण एकट्या घेवड्याचें काय घेऊन बसलांत? आमचें उपवासाचें ताटहि असेंच आहे. बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपला साबूदाणा होतो तें झाड, हीं चारीहि मूळचीं अमेरिकेचीं. एकादशीला आम्ही जें एवढ्या सोंवळेपणानें खातों, तें साडेपांचशें वर्षांपूर्वीं आमच्या पूर्वजांनीं डोळ्यांनीं पाहिलेलेंहि नव्हतें.

उलट, ज्या पदार्थाला मी अमेरिकेच्या परंपरेंतला पुराणपुरुष समजत होतों, तो माझ्याहून फार तर दोन वर्षांनीं वडील! १९५५ सालीं न्यू जर्सींतील कॅम्डन येथें कॅम्पबेल या सूप करणाऱ्या कंपनीच्या स्वयंपाकघरांत डॉर्कस रायली नांवाच्या बाईंनीं तो बसविला. त्यामागची कल्पना अशी कीं, लागणारें सामान सर्वसाधारण घराच्या फडताळांत आधींच असलें पाहिजे. त्या काळीं तिकडच्या घरांत घेवडा आणि अळंब्यांच्या सुपाचा डबा बहुधा असेच. त्यांत थोडें दूध, सोया सॉस आणि मिरपूड, आणि वर तळलेला कांदा: एकूण जिनसा सहा. २००२ मध्यें त्या मूळ कृतीचा कागद तिकडच्या संशोधकांच्या सन्मानमंदिरांत ठेवण्यांत आला. रायलीबाई २०१८ मध्यें, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीं वारल्या. आपल्या हातून झालेली ही एवढीशी गोष्ट लक्षावधि घरांत दर वर्षीं पुन्हां होते, असें भाग्य मोठमोठ्या ग्रंथकारांच्याहि वांट्याला क्वचित् येतें.

घरीं आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आई चातुर्मास पाळते. आषाढांतल्या कांदेनवमीला भजीं करून आमच्या घरांतला कांदा जो बाहेर पडतो, तो कार्तिकी एकादशी उलटल्याशिवाय उंबऱ्याच्या आंत येत नाहीं. म्हणजे गंमत अशी कीं, ज्या महिन्याचें नांव या घेवड्यानें मिरवावें, त्याच महिन्यांत त्याच्या डोक्यावरचा मुकुट निषिद्ध! अळंबीं तर आईला बारा महिने वर्ज्य.

"कांदा नाहीं, अळंबीं नाहींत, मग राहिलें काय?" मीं विचारलें.

"घेवडा," ताई शांतपणें म्हणाली.

आमच्या सौ.नें आपला गोल अल्युमिनियमचा विजेचा ओव्हन माळ्यावरून काढून दिला. झांकणाला कांचेचा डोळा असलेला हा ओव्हन एके काळीं पुण्यांतल्या पुष्कळ घरांत केक करण्याच्या हौसेनें आला, आणि हौस फिटल्यावर माळ्यावर जाऊन बसला. त्याला पाहून आईला आपल्या एका पाठारे प्रभु मैत्रिणीच्या घरच्या भानोल्याची आठवण झाली. तें जुन्या काळीं भांड्याखालीं विस्तव आणि झांकणावर निखारे ठेवून भाजीत. "म्हणजे हें कांहीं नवीन नव्हे," असा निकाल देऊन ती आपल्या जपाकडे वळली.

ताईनें अर्धा किलो घेवड्याच्या शिरा काढून दोन-दोन पेरांएवढे तुकडे केले. उकळत्या मिठाच्या पाण्यांत, भांडें उघडें ठेवून, ते पांच-सहा मिनिटें शिजविले आणि लगेच थंड पाण्यांत टाकले. झांकण ठेवलें तर भाजींतून निघणारें आम्ल वाफेबरोबर बाहेर न जातां आंतच कोंडतें आणि हिरवा रंग शेवाळी होतो, हें इतकीं वर्षें घेवडा खाऊनहि मला ठाऊक नव्हतें. मग कढईंत दोन मोठे चमचे लोणी वितळवून तिनें तितकाच मैदा मंद आंचेवर परतला. पिठाचा कण न् कण लोण्यानें माखला म्हणजे दूध घातल्यावर तो शेजारच्या कणाला चिकटत नाहीं आणि गुठळी होत नाहीं. त्यांत दोन वाट्या दूध थोडें थोडें करून घालायचें आणि पळी थांबवायची नाहीं, हें शेवटचें काम तिनें माझ्याकडे दिलें. दूध दाट होईपर्यंत माणसाला दुसरें कांहीं करतां येत नाहीं. तेथून हलतांहि येत नाहीं. माझी खात्री आहे कीं, ताईनें आपलें बोलणें त्यासाठींच तोंवर राखून ठेवलें होतें.

"हा पदार्थ मीं पहिल्यानें केव्हां खाल्ला, ठाऊक आहे तुला?" ती म्हणाली. "अण्णा गेले, त्या दिवशीं."

येथें मला थोडें मागें जावें लागेल. आमचे वडील १९८५ च्या नोव्हेंबरांत वारले. ताईला तेव्हां आठवा महिना होता, आणि डॉक्टरांनीं विमानप्रवासाला साफ मनाई केली होती. ती आली नाहीं. हें सारें आम्हांला कळलें होतें. आणि तरीहि तेरावा झाल्यावर मीं तिला एक पत्र लिहिलें. मी अठ्ठावीस वर्षांचा होतों. दुःख कोठें संपतें आणि अहंकार कोठें सुरू होतो, हें त्या वयांत समजत नाहीं. त्या पत्रांतलें एक वाक्य मला अजून तोंडपाठ आहे: "ज्यांना यायचें असतें तीं येतात, आईचेंहि हेंच मत आहे." आईचें तें मत नव्हतें. तिनें तसें अवाक्षरहि काढलेलें नव्हतें. माझ्या वाक्याला वजन यावें म्हणून मीं तिचें नांव परस्पर वापरलें होतें.

त्या पत्राला उत्तर आलें नाहीं. आईला ताईचीं पत्रें येत राहिलीं, पुढें फोन येऊं लागले, दर दोन-तीन वर्षांनीं ती येऊन जाऊं लागली. पण अण्णांच्या जाण्याविषयीं मायलेकी एकमेकींपाशीं कधीं बोलल्या नाहींत. ताईला वाटे, आईनें आपल्याला क्षमा केलेली नाहीं. आईला वाटे, लेकीला तो विषय नकोसा आहे. दोघींच्या मध्यें माझें वाक्य उभें होतें, आणि तें खोटें आहे हें फक्त मला ठाऊक होतें.

"बातमी आली तेव्हां हे कामावर गेलेले," ताई सांगत होती. "दिवसभर मी तशीच बसून होतें. संध्याकाळीं शेजारची एक म्हातारी बाई आली. आपली भाषा, आपले विधि, तिला कशाचीहि माहिती नव्हती. हातांत झांकलेलें भांडें होतें. तें तिनें ओट्यावर ठेवलें, 'आज तूं कांहीं करूं नकोस' म्हणाली आणि गेली. त्यांत हा घेवडा होता. मीं उभ्यानेंच खाल्ला. तिकडे रीतच आहे. कोणाच्या घरीं दुःख झालें कीं शेजारी असें भांडें आणून देतात. मला तें तेव्हां ठाऊक नव्हतें. मला वाटलें, आपल्यांत त्या दिवशीं घरांत चूल पेटवीत नाहींत, हें हिला कुणी सांगितलें?"

माझी पळी केव्हां थांबली तें मला कळलें नाहीं. दूध तळाशीं लागल्याचा वास आला तेव्हां ताईनें ती माझ्या हातून घेतली.

"ताई," मी म्हणालों, "त्या पत्रांतलें तें वाक्य माझें होतें. आई तसें कधींच म्हणाली नव्हती."

"कसलें वाक्य?" मागून आवाज आला. स्वयंपाकघराच्या दारांत काठी टेकून आई उभी होती. तिचे कान आम्ही समजत होतों त्याहून पुष्कळच शाबूत आहेत.

मला सर्व सांगावें लागलें. जें जवळजवळ चाळीस वर्षें मनांत बाळगलें होतें, तें सांगायला दोन मिनिटेंहि पुरलीं. आई मला रागावली नाहीं. रागावली असती तर बरें झालें असतें. ती माझ्याकडे न पाहतां ताईकडे पाहून म्हणाली, "त्या दिवशीं समोरच्या काकूंनीं आपल्याकडे पिठलं-भात पाठवला होता. सगळीं जेवलीं. मला घास उतरेना. सारखें मनांत येई, तिकडे पोर एकटी आहे. तिला कुणी पिठलं-भात दिला असेल का?" मग थोडें थांबून ती म्हणाली, "दिला होता म्हणायचा."

ताई शेगडीकडे तोंड करून उभी राहिली. मी कांहीं तरी आणण्याच्या निमित्तानें बाहेर जाणार होतों, तेवढ्यांत आईनें अगदीं नेहमींच्या आवाजांत विचारलें, "वर काय घालायचें असतें म्हणालीस?"

"कांदा. तळून. पण आतां नुसताच करतें."

"कुरकुरीत हवें, एवढेंच ना? मग तो वरचा डबा काढ."

त्या डब्यांत वैशाखांत केलेल्या कुरडया होत्या. गहूं तीन दिवस भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो शिजवून गरम असतांनाच सोऱ्यांतून गच्चीवरच्या कापडावर घालायचा, आणि उन्हांत कडकडीत वाळवायचा. एवढा खटाटोप त्या एका डब्यामागें असतो. आतां हात सौ.चे असले तरी देखरेख आईचीच असते. ताईनें तेल तापविलें. वाळून चिंबलेली ती जाळी कढईंत पडतांच आंतल्या उरल्यासुरल्या ओलाव्याची वाफ होऊन पाहतां पाहतां पांढरी शुभ्र फुलली. आई खुर्चीवर बसली आणि परातींत तळलेल्या कुरडया घेऊन आपल्या सुरकुतलेल्या हातांनीं त्यांचा जाडसर चुरा करूं लागली. तो आवाज त्या वेळीं स्वयंपाकघरांत तेवढाच होता.

मला रायलीबाईंची ती कल्पना आठवली: सामान घरच्या फडताळांत आधींच असलें पाहिजे. आईच्या फडताळांत सुपाचा डबा नव्हता, कुरडयांचा होता. कांदा आणि अळंबीं वगळल्यावर या पदार्थांत मूळचें काय राहिलें, हा माझा सकाळचा प्रश्न मला आतां पोरकट वाटूं लागला. कॅम्डनच्या स्वयंपाकघरांतली अट आईनें, ती न ऐकतांच, तंतोतंत पाळली होती.

दाट झालेल्या दुधांत अर्धी वाटी साय, मीठ आणि मिरपूड घालून ताईनें घेवडा कालविला आणि ओव्हनमध्यें ठेवला. वीसेक मिनिटांत कडेनें बुडबुडे येऊं लागले. कुरडईचा चुरा तिनें अगदीं शेवटीं, पांच मिनिटें राहिलीं तेव्हां पसरला; आधीं घातला असता तर खालच्या वाफेनें तो मऊ पडला असता. ताटांत आला तेव्हां वरचा थर दांताखालीं खुसखुशीत फुटत होता आणि खालीं घेवडा हिरवागार, सायींत बुडालेला. त्याला किंचित् करपट वास होता. तो दोष सर्वस्वी माझ्या पळीचा. आणि त्याबद्दल कोणी मला बोललें नाहीं, ही त्या जेवणांतली मला सर्वांत कठीण गेलेली गोष्ट. आईनें दोनदां मागून घेतला. हात धुतांना मात्र ती म्हणाली, "खोबरें हवें होतें."

त्या दिवसापासून मी पुष्कळ वेळां विचार करतों. आपला पिठलं-भात आणि तिकडचा हा भट्टींतला घेवडा, यांत चवीचें साम्य कांहींच नाहीं. परंतु दोन्हीहि घरांत असेल त्यांतून झटपट होतात, कोणालाहि करतां येतात, आणि झांकून दुसऱ्याच्या दारीं नेतां येतात. दुःखाच्या घरीं जें न्यायचें, त्यांत कौशल्याचा डौल चालत नाहीं. एका अनोळखी म्हातारीनें त्या संध्याकाळीं माझ्या बहिणीला जें दिलें, तें मीं तिचा सख्खा भाऊ असून दिलें नाहीं. मीं पत्र पाठविलें. आणि वर तिचें तें भांडें माझ्यापुढें आलें, तेव्हां मीं त्याची थट्टा केली. वाचकांना हें फार मनाला लावून घेण्यासारखें वाटणार नाहीं कदाचित्. पण ज्याला आपलें एखादें जुनें वाक्य अजून तोंडपाठ आहे, त्याला तें समजेल.

गणपति झाल्यावर ताई परत गेली. विमानतळावर निघतांना तिनें मला एवढेंच सांगितलें, "दूध घालतांना पळी थांबवूं नकोस." तिनें तें दुधाविषयींच सांगितलें, असें मी धरून चालतों.

परवां आईनें सौ.ला बोलावून बजावलें, "यंदां कुरडया जरा जास्त घाला. ताईला पाठवायच्या आहेत."

"अगं आई," मी म्हणालों, "एवढ्या लांबच्या टपालांत त्यांचा चुरा होईल."

"होऊं दे," आई म्हणाली. "तिला चुराच तर हवा आहे."